वालचंदशेठांची फियाट आणि अंगणातली कार्यशाळा

महाराष्ट्रात आष्टीचे नाव निघते ते १६ ऑगस्ट १९४२ या दिवसामुळे. ‘छोडो भारत’च्या हाकेला वर्धा जिल्ह्यातील या गावाने जे उत्तर दिले, त्यात अनेकांनी प्राण वेचले आणि गावाच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. त्याच वर्षी बंगळुरात एक वेगळी, बिनरक्ताची लढाई चालू होती. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये उभारलेला विमानांचा कारखाना इंग्रज सरकारने आपल्या ताब्यात घेतला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानातच तयार झाल्या पाहिजेत, असा या गृहस्थाचा ध्यास होता. जहाजाचा आरंभ १९१९ मध्ये सिंधिया कंपनीपासून झाला होता. मोटारीसाठी मात्र सरकारी मर्जीची वाट पाहण्यात वर्षे गेली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंदशेठ ८ एप्रिल १९५३ रोजी गेले. त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० व्यापारी घराघरांत पोचली, ती त्यांच्या पश्चात.

हीच गाडी १९६४ पासून ‘डिलाइट’, नंतर ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी आडत्यांच्या आणि कापडवाल्यांच्या बोलण्यात ती ‘फियाट’च राहिली. परवाना राजच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि गाडी दारात आली की आधी दर्शनाला न्यायची, ही रीत बहुतेक घरांची. विदर्भातील कुटुंबांच्या यात्रा याच गाडीने झाल्या. मुक्तागिरीच्या पायथ्यापर्यंत, भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांपर्यंत, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांपर्यंत, रामटेकच्या शांतिनाथांपर्यंत. पुढच्या सलग बाकावर तिघे, मागे चौघे आणि डिकीत चौविहाराआधी संपवायचे डबे. मुंबईच्या रस्त्यांवरून या गाडीची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी नियमाप्रमाणे कायमची उतरली आणि वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. खासगी मालकांच्या पडवीत आणि गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांना मात्र कोणी निरोप दिलेला नाही. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न आज अनेक घरांत जेवणाच्या वेळी निघतो.

मुलगा म्हणतो, गाडी चालवायची तर तीत थंड हवा हवी, फोन लावायची सोय हवी, पट्टे हवेत. आजोबा म्हणतात, एक स्क्रूही बदलायचा नाही. तिसरा सूर भंगाराचा असतो. तो व्यवहाराच्या भाषेत बोलत असल्यामुळे व्यापारी घरात जड ठरतो. या तिघांच्या मधला रस्ता घरच्या घरी, थोड्या खर्चात काढता येतो. पण त्यासाठी कायदा, वीज आणि पत्रा या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

कायद्यापासूनच आरंभ केलेला बरा, कारण तेथे झालेली चूक पैशाने भरून निघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील आणि कारखान्याचा मूळ नमुना यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. आसनसंख्या, रंग, इंधन, इंजिन या नोंदणीतल्या बाबी आहेत. पुढचा सलग बाक काढून दोन स्वतंत्र खुर्च्या बसवल्या की आसनसंख्येचा प्रश्न उभा राहतो, हे खुर्च्या विकणारा सांगत नाही. म्हणून बाकाला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे. कापड, गादी, अस्तर, गालिचा, ध्वनियंत्र, दिव्याची लहानसहान सोय या गोष्टी त्या मानाने निरुपद्रवी आहेत.

याच कायद्याची दुसरी बाजू जुन्या गाडीच्या मालकाला अधिक विचार करायला लावते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी या वर्गात येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे, मुदत १० वर्षांची आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार रुपये पडतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला रस्त्यावर येता येते. म्हणजे १९७४ च्या पद्मिनीच्या मालकासमोर आता दोन वाटा आहेत. गाडी वारसा म्हणून जपायची असेल तर तिचे मूळ रूप हीच तिची किंमत. पेढीवर आणि मंदिरात न्यायची असेल तर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी व तपासणीला सामोरे जायचे, आणि मग आतली सोय करून घेण्यात काही वावगे नाही. अडचण त्यांची होते, जे आज सोय करतात आणि दहा वर्षांनी वारसा म्हणून अर्ज करू पाहतात. म्हणून आतला प्रत्येक बदल उलटवता येईल असाच असावा. नवे छिद्र पाडायचे नाही, जुनी वायर कापायची नाही, काढलेला भाग फेकायचा नाही. व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. माल परत करण्याची मुभा ठेवूनच सौदा करावा.

प्रत्यक्ष काम बाक, गालिचा आणि दाराची आवरणे काढण्यापासून सुरू होते. त्याआधी बॅटरीची तार सोडवायची. आतले सगळे उतरल्यावर तळाचा पत्रा उघडा पडतो आणि तेथे बहुधा गाडीची खरी प्रकृती कळते. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे गालिच्याखाली मुरलेले असते. टोचणीने टोचून पाहावे. ती आत गेली तर आधी पत्रेकाम, मग बाकी सर्व. सडलेल्या पत्र्यावर नवी सुंदर खुर्ची बसवणे म्हणजे कच्च्या पायावर शिखर चढवणे होय. धक्का बसला की ती खुर्ची माणसासकट सुटते. पट्ट्यांचेही तसेच. मुळात या गाड्यांत आसनपट्टे नसत. आज तीन टोकांचे पट्टे बसवून घेणे हा सगळ्या बदलांतील सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. पण दारामागचा खांब आणि तळ येथे आतून जाड पोलादी पट्टी देऊन, योग्य ताकदीच्या बोल्टनेच तो करावा लागतो. एवढे एक काम मात्र घरी करू नये. त्यासाठी अनुभवी मिस्त्रीकडे जावे आणि ‘नवे छिद्र नाही’ या नियमालाही येथे सूट द्यावी. गाडीच्या मूळ रूपापेक्षा तीत बसणाऱ्या नातवंडांचे मोल अधिक आहे.

पत्रा स्वच्छ, कोरडा आणि गंजरोधक रंगाने झाकल्यावर ब्युटाइलची आवाज शोषणारी चादर चिकटवावी. तिच्यावर उष्णतारोधक जाड नमदा आणि मग गालिचा. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. छताच्या अस्तराआड असाच थर दिला, तर वातानुकूलन न बसवताही आतला फरक हाताला जाणवतो. किंबहुना थंड हवेच्या यंत्राआधी हाच उपाय करून पाहावा. पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. कॉम्प्रेसर त्याच ताकदीतून आपला वाटा उचलतो. तळेगावच्या महामार्गावर भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना तो वाटा फार मोठा वाटतो. शिवाय रेडिएटरसमोर कंडेन्सर आला की इंजिनाला मिळणारी हवा कमी होते आणि मे महिन्यात गाडी तापते. ज्यांना यंत्र हवेच आहे त्यांनी रेडिएटर साफ करून, विजेचा पंखा आणि पुरेसा आल्टर्नेटर यांचा खर्च आधीच हिशोबात धरावा.

विजेचा हिशोब तर वहीत मांडावा इतका साधा आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात. १२० वॉटचा पंखा १० घेतो. फोनचा २० वॉटचा चार्जर दोनाहूनही कमी. सगळ्याची बेरीज, आणि समोर जमेच्या बाजूला आल्टर्नेटर देऊ शकतो तो आकडा. खूप जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असे. मंद चालीत तो फारसा प्रवाह देत नाही, तेव्हा तेथे खर्च जमेपेक्षा वाढतो आणि तूट बॅटरी भरून काढते, तीही संपेपर्यंतच. मूळ वायरिंगला फ्यूज मोजकेच आहेत. नव्या उपकरणांसाठी जुन्या वायरला सांधा मारण्याचा मोह टाळून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र फ्यूजपेटी आणि जड उपकरणाला रिले द्यावा. फ्यूज हा उधारीच्या मर्यादेसारखा असतो. तो सारखा उडतो म्हणून मोठा बसवणारा माणूस पुढे वायर जळाल्यावर नशिबाला दोष देतो. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी बुश हवाच. रुपया-दोन रुपयांच्या या वस्तूअभावी गाड्या पेटल्या आहेत.

डॅशबोर्डचा प्रश्न रुचीचा आहे, आणि रुचीबद्दल येथे थोडे कठोर व्हायला हरकत नाही. मूळ रेडिओच्या जागी चकाकता पडदा लावलेली पद्मिनी पैठणीवर खेळाचे बूट घातल्यासारखी दिसते. ब्लूटूथचा छोटा ॲम्प्लिफायर हातमोज्यांच्या खणात किंवा बाकाखाली लपवावा, स्पीकर मागच्या फळीखाली बसवावेत आणि चार्जरचे तोंड राखदाणीच्या जागेत न्यावे. जैन घरातल्या गाडीत राखदाणीचा तेवढाच उपयोग! स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा हे या गाडीचे वैशिष्ट्य आहे. तो तसाच राहू द्यावा.

आता आसनांच्या आवरणाचा विषय. हा आपल्या घरांत सर्वांत जपून ठरवावा असा आहे. बाजारात ‘लक्झरी’ म्हटले की कातडे पुढे केले जाते. दुकानदार ‘लेदर’ हा एकच शब्द खऱ्या कातड्यालाही वापरतो आणि कृत्रिम आवरणालाही. बिलावर नेमका पदार्थ लिहून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. स्टिअरिंगचे आणि गिअरच्या मुठीचे आवरण, दाराच्या हातटेकीची पट्टी, जुन्या परदेशी गाडीतून काढून आणलेली खुर्ची, या आडवाटांनीही कातडे घरात येते. बाकाच्या पोटातही डोकवावे. जुन्या काळच्या आसनांत काही ठिकाणी घोड्याचे केस वापरीत. त्याजागी नारळाचा काथ्या आणि वर फोम हे भरण टिकाऊ, हवा खेळती ठेवणारे आणि निर्दोष आहे. आवरणाला रेक्झीन चालते, पण वैशाखात ते पाठीला चटका देते. जाड सुती कापड बसायला सुखाचे. ज्या जिल्ह्यात मगनवाडी आणि सेवाग्राम आहे तेथे खादीचा विचार परका वाटू नये. हातमागाच्या जाड खादीची काढून धुता येणारी खोळ शिवून घेतली की मूळ आवरण आत सुरक्षित राहते आणि उलटवता येण्याचा नियमही पाळला जातो.

गाडीत घरच्या घरी फेरबदल करण्याची परंपराही या जिल्ह्याला नवी नाही. जमनालाल बजाजांच्या फोर्ड गाडीला वर्ध्यात बैल जोडले गेले होते, आणि बैलाचा इंग्रजी शब्द जोडून थट्टेने तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. तिच्यापुढे ब्लूटूथचे कौतुक ते काय!

सुटे भाग मिळतात का, ही शंका नेहमी येते. मिळतात. दैवयोग असा की, कारखाना बंद झाला तरी ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, तेथील सीएसटी रस्त्यावर जुन्या भागांचा मोठा बाजार अजून आहे. नागपूर-अमरावतीच्या जुन्या मिस्त्रींकडेही दारांची रबरे, काचेची हँडले, मीटर निघतात. नवी बनावट रबरे एक-दोन उन्हाळ्यांत तडकतात, म्हणून ती घेताना नख दाबून पाहावे.

कामाला काळ कोणता? चातुर्मासात अनेक जण दिग्व्रताने प्रवास आवरतात, त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उघडी राहिली तरी कोणाचे अडत नाही. आतले शिवणकाम, वायरिंग, साफसफाई त्या काळात उरकावी. पत्रेकाम आणि रंग मात्र दमट हवेत करू नयेत, ते दिवाळीनंतर. पर्युषणात हत्यारे बाजूला ठेवली तरी चालतात. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही या उद्योगाकडे पाहता येईल. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या श्रावकाला तिसरी नवी गाडी घेण्यापेक्षा असलेली पहिलीच वापरात ठेवणे सोपे जाते. अर्थात, भागांच्या मागे लागून पाच जुन्या गाड्या गोदामात साठवणाऱ्या शौकिनाला हा युक्तिवाद लागू नाही.

काढलेला प्रत्येक मूळ भाग कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून एका पेटीत ठेवावा. शक्य तर आधीचे छायाचित्रही त्यात घालावे. बॉनेटखालची कंपनीची पट्टी आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक यांवर रंगाचा थर येऊ देऊ नये. रंगाऱ्याला हे दोनदा सांगावे आणि तरी स्वतः चिकटपट्टी लावावी. पुनर्नोंदणीच्या वेळी निरीक्षक त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, आणि त्या कागदावर आकडे स्पष्ट उमटावे लागतात.