हरल्यावर हात का आवरत नाही?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांचे किराणा मालाचे दुकान आहे. हिशेबाला इतके पक्के की पाव किलो साखरेची उधारीही वहीत मांडल्याशिवाय झोपणार नाहीत. पण पत्त्यांच्या बैठकीत एखादा मोठा डाव हातचा गेला की पुढच्या तासाभरात महिन्याची कमाई घालवून घरी येतात. ‘त्या वेळी यांची बुद्धी जाते कुठे?’ असा बाईंचा प्रश्न आहे. हा विषय आरोग्याच्या सदरात बसतो का, अशी शंकाही त्यांनी शेवटी विचारली आहे. बसतो, आणि चांगलाच बसतो.

हे यजमान हल्ली पोकर खेळतात, म्हणून त्याच खेळाचे उदाहरण घेऊ. पोकर मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडची तीन पत्ती इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ नावाच्या खेळावरून आली, म्हणजे ती पोकरची चुलत बहीणच म्हणायची. पोकरच्या सर्वांत चालणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी म्हणून टेबलावर उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे किंवा डाव सोडायचा.

हाती दोन एक्के येणे ही मोठी गोष्ट. सरासरी २२१ डावांत एकदा ते येतात. समजा, तुमच्याकडे दोन एक्के आहेत, समोरच्याकडे दोन राजे, आणि टेबलावर पाने उघडण्याआधीच दोघांनी होते नव्हते ते सगळे लावले. गणित असे की, अशा पाच डावांपैकी साधारण चार एक्केवाला जिंकतो. पाचव्यात मात्र टेबलावर तिसरा राजा उतरतो आणि सगळे पैसे पलीकडे जातात. यात एक्केवाल्याचे काहीच चुकलेले नसते. घात होतो तो त्याच्या पुढच्या डावात. हाती सत्ती आणि दुर्री, म्हणजे वेगवेगळ्या रंगांची असली तर या खेळातली सर्वांत टाकाऊ समजली जाणारी जोडी, येते आणि हा गृहस्थ त्यावरही पैसे लावतो. खेळाडू याला ‘टिल्ट’ म्हणतात. नाणे टाकून चेंडू उडवायची जुनी यंत्रे होती. ती कोणी जोराने हलवली की ‘टिल्ट’ अशी पाटी उजळून यंत्र बंद पडे. त्यावरून हा शब्द आला. माणसाचे दुर्दैव असे की, तो बंद पडत नाही, खेळतच राहतो.

त्या वेळी शरीरात काय चालू असते? मोठी हार मेंदूला धोक्यासारखीच वाटते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींमधून काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, तळहात ओले होतात. त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य सावकाश वाढते आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. पण कपाळामागचा मेंदूचा भाग, ज्याचे काम थांबणे, तोलणे आणि ‘नको’ म्हणणे, तो अशा वेळी मागे पडतो. दुकानात हिशेब लिहिणारा मेंदू हाच. फक्त त्या घटकेला कारभार दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो.

यात भर पडते ती तोट्याच्या स्वभावाची. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विचारले: तीन हजारांचा निश्चित तोटा पत्कराल, की चार हजारांच्या तोट्याची शंभरात ऐंशी शक्यता? सरासरी काढली तर दुसऱ्यात ३२०० जातात, म्हणजे तो सौदा वाईट. तरीही १०० पैकी ९२ जणांनी तोच निवडला, कारण त्यात सुटायची थोडी आशा होती. फायद्याच्या बाबतीत जपून वागणारा माणूस तोट्यात धाडसी होतो तो असा. किराणा दुकानदारच कशाला, आपण सगळेच त्या ९२ जणांतले.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत आयोवा येथे १९९० च्या दशकात संशोधकांनी लोकांपुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. दोन गठ्ठ्यांत बक्षिसे मोठी पण दंड त्याहून मोठे; उरलेल्या दोघांत बक्षिसे छोटी, पण शेवटी नफा. निरोगी माणसांचे तळहात वाईट गठ्ठ्याकडे हात जाण्यापूर्वीच घामेजू लागले, तेही कारण नीट सांगता येण्याआधी. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना हा घाम येत नव्हता आणि ते वाईट गठ्ठाच उचलत राहिले. या प्रयोगाच्या अर्थाबद्दल पुढे वाद झाले, पण मोक्याच्या क्षणी शरीरही मत देते एवढे त्यावरून दिसते.

मग पोकरवर पोट भरणारे लोक संयम कुठून आणतात? त्यांच्या छातीतही धडधडतेच. फरक असा की, त्यांचे बरेचसे निर्णय टेबलावर बसण्याआधीच झालेले असतात. आज किती रक्कम, किती वेळ, किती गेल्यावर उठायचे, हे घरीच ठरते. जवळच्या भांडवलाचा लहानसा हिस्साच ते एका बैठकीला नेतात. बहुतेक डाव तर ते पहिली दोन पाने पाहूनच सोडून देतात; पाहणाऱ्याला ते फार कंटाळवाणे वाटते. डाव गेला तर ‘हरलो का?’ असे न विचारता ‘पैसे लावताना गणित बरोबर होते का?’ असे विचारतात. दात-ओठ खाऊन स्वतःला आवरणे हा त्यांचा मार्ग नव्हे. तो मार्ग पहाटे दोनला कोणाच्याच कामी येत नाही. जागरणाने मेंदूला मिळकत मोठी दिसू लागते आणि तोटा बोचेनासा होतो. दारूने लगाम आणखी सैल पडतो. लास वेगासचे कॅसिनो खेळणाऱ्यांना पेये फुकट देतात, ती काही पाहुणचार म्हणून नव्हे.

बाईंच्या यजमानांना मी चांगला खेळाडू व्हा असे सांगणार नाही. पण दिवाळीत नातेवाइकांबरोबर बसणे होणारच असेल तर ठरलेली रोख खिशात असावी आणि बँकेचे कार्ड व मोबाइल घरी. मोठा डाव गेला की उठावे, पाणी प्यावे, अर्धा तास अंगणात फिरावे. पाच मिनिटांत नाडी उतरते, पण कॉर्टिसॉलला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास. श्वास सावकाश, घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ देऊन घेतला तर धडधड लवकर कमी होते. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांबद्दल तर प्रश्नच नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांवर कायद्याने बंदी घातली, त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेदही ठेवलेला नाही.

एवढे करूनही गेलेले पैसे परत आणायला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत असेल, खोटे बोलत असेल, उसने घेत असेल, तर तो आजार समजावा. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात जुगाराचे व्यसन दारूच्या व्यसनाशेजारी मांडले आहे. कंपवाताची काही औषधे, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल, घेणाऱ्या काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराची ओढ लागते, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. औषध कमी केले किंवा बदलले की ही ओढ बहुधा ओसरते.

बाईंनी भांडण हरलेल्या रात्री काढू नये. त्या वेळी समोर हिशेबी माणूस नसतोच. दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, वही घेऊन बसावे. गल्ल्याची किल्ली काही महिने आपल्याकडे ठेवायची का, हे त्यांनाच विचारावे. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. यजमान तयार नसतील तर पहिला फोन बाईंनी स्वतः करायलाही हरकत नाही.