शिकागोची उंच माडी आणि चेंडूफळीचा खेळ

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मक्याला तुरे आले, सोयाबीन फुलोऱ्यात आले की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. मग पोराबाळांना घेऊन एक दिवस शिकागोला जायचे, सकाळी उंच इमारतीवरून शहर पाहायचे आणि दुपारी बेसबॉलचा सामना, अशी तिकडच्या कुटुंबांची आवडती सहल आहे. आमचा थोरला मुलगा शिकागोपासून सव्वाशे मैलांवर ब्लूमिंग्टनला नोकरीला असतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा ही सहल आम्हालाही घडली.

आमचे हे मात्र निघायला राजी नव्हते. लातूरकडची पेरणी धाकट्या भावोजींवर सोपवून आलेलो. त्यातून मागल्या हंगामाचे साठ पोती सोयाबीन भाव वाढेल म्हणून घरातच पडलेले. सरकारी हमीभाव ४,८९२ रुपये, बाजार त्याच्या खाली, आणि पुतणीच्या कॉलेजची फी भरायची राहिलेली. आगगाडी, माडी, सामना मिळून पाच माणसांचा खर्च ऐकला तेव्हा ह्यांनी लगेच हिशेब मांडला, “म्हणजे वीस पोती गेली की!” पैसे मुलगा देणार होता, पण शेतकऱ्याचे मन पोत्यांतच मोजते. शेवटी सूनबाईने युक्ती केली. म्हणाली, “बाबा, तुमच्या सोयाबीनचा भाव जिथे ठरतो ना, ती इमारत त्याच रस्त्यात आहे.” हे मुकाट्याने बूट घालू लागले.

सकाळच्या गाडीने दोन-सव्वादोन तासांत शिकागो आले. वाटेत नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, मध्येच धान्याच्या उंच पत्र्याच्या कोठ्या, आणि शेतात औषधालाही माणूस नाही. आम्ही गाडीतच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली.

स्टेशनातून बाहेर पडून नदी ओलांडली की समोरच ती माडी. एकशे दहा मजले, १,४५० फूट. १९७३ साली पुरी झाली आणि पुढे पंचवीस वर्षे जगात तिच्याएवढी उंच इमारत नव्हती. ती बांधली सिअर्स नावाच्या कंपनीने. ही कंपनी वाढली ती खेड्यांतल्या गिऱ्हाइकांवर. जाडजूड सचित्र यादी टपालाने घरोघर पाठवायची. शेतकऱ्याच्या बायकोने चुलीशेजारी बसून ती चाळायची आणि शिवणयंत्र, नांगर, दुधाची मलई काढायचे यंत्र, जे हवे ते मागवायचे. १९०८ ते १९४० या काळात तर अख्खे घर मागवता येई! कापलेल्या फळ्या, खिळे, दारे-खिडक्या आगगाडीने यायच्या आणि शेतकरी ते घर उभे करायचा. असा खेड्यांतून आलेला पैसा या माडीत आहे. कंपनीने पुढे ही जागा सोडली, २००९ मध्ये इमारतीचे नाव बदलून विलिस टॉवर झाले, आणि २०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. माडी तेवढी उभी आहे.

तिची बांधणी करणारे इंजिनियर फजलूर खान १९२९ साली ढाक्याला जन्मले आणि कलकत्त्याजवळच्या शिबपूरला शिकले. त्यांची कल्पना आपल्या बायाबापड्यांना चटकन कळेल. कडब्याचे एकच धाट वाऱ्याने मोडते, पण पेंढी बांधून उभी केली की हालत नाही. तसे नऊ चौकोनी उभे खांब एकमेकांना बांधून त्यांनी ही इमारत केली. पेंढीतली काही धाटे आखूड, काही लांब, म्हणून तिचा माथा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

पाहुण्यांना १०३ व्या मजल्यापर्यंत नेतात. पाळणा मिनिटभरात वर जातो आणि कानांत दडे बसतात. पूर्वेला मिशिगन सरोवर, पलीकडचा काठ दिसतच नाही. समुद्र म्हणावा तर पाणी गोडे, सारे शहर तेच पिते. पश्चिमेला रस्ते सरीवरंब्यासारखे सरळ, आकाशाला टेकेपर्यंत गेलेले. भिंतीबाहेर चार फूट काढलेल्या काचेच्या खोल्या आहेत, त्यांची जमीनही काचेची. नातू तिच्यावर उड्या मारत होता. मी एक पाऊल टाकले, खाली खेळण्यातल्यासारख्या मोटारी पाहिल्या आणि पदर सावरीत मागे आले. तेवढे पुरे.

हे शहर १८७१ च्या आगीत तीन दिवस जळले, लाखभर माणसे बेघर झाली. एका गरीब गवळणीच्या गाईने कंदील लाथाडला म्हणून आग लागली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. शेवटी १९९७ मध्ये नगरपालिकेनेच ठराव करून गाय आणि मालकीण दोघींनाही निर्दोष ठरवले. सव्वाशे वर्षांनी! मुक्या जनावराला न्याय मिळायला एवढा वेळ लागावा याचे मला वाईट वाटले.

ह्यांचे लक्ष मात्र पूर्वेच्या काचेतून खाली. तिथे एका निमुळत्या छपरावर बाईचा पुतळा उभा आहे. ती सिरीस, रोमन लोकांची धान्यदेवता. एका हातात गव्हाची पेंढी, दुसऱ्यात मक्याची पिशवी. खालची इमारत शिकागोच्या धान्यबाजाराची, १९३० सालची. बाजार १८४८ पासूनचा. शेतकऱ्याने पेरतानाच पुढच्या सुगीचा भाव बांधून घ्यावा, हा वायद्याचा धंदा इथे वाढला. पुतळा एकतीस फुटी, पण त्याला नाक-डोळे नाहीत. एवढ्या उंचावर तोंड पाहायला कोण येणार, असे म्हणे घडविणाऱ्याला वाटले. हे म्हणाले, “तोंडच नाही, मग भाव विचारायचा कुणाला?”

खाली उतरून आम्ही त्या दारापर्यंत चालत गेलो. हातवारे करून ओरडणारे व्यापारी ह्यांना पाहायचे होते, पण धान्यवायद्यांचा तो आरडाओरडा २०१५ मध्येच थांबला. आता सौदे संगणकावर होतात. आपली पेंड परदेशी जाते, खाद्यतेल परदेशातून येते, म्हणून इथला आकडा हलला की लातूरच्या आडतीतही चुळबुळ होते. मुलाने मोबाईलवर तो आकडा दाखवला. सत्तावीस किलोंच्या मापाचा, सेंटमध्ये. ह्यांनी क्विंटलचे रुपये काढले, दोनदा काढले, आणि बराच वेळ बोलले नाहीत.

तिथून तांबड्या मार्गाच्या आगगाडीने रिग्ली मैदानावर. हे मैदान १९१४ चे. १९८८ पर्यंत इथे रात्रीचे दिवेच नव्हते, त्यामुळे दुपारचा सामना ही इथली रीत. गंमत म्हणजे मैदानाची विटांची भिंत वेलींनी झाकलेली आहे. १९३७ साली लावलेल्या. चेंडू वेलीत अडकला तर त्याचाही नियम आहे. गुणफलकावरचे आकडे आत बसलेली माणसे हातांनी बदलतात.

इथला संघ शिकागो कब्स. १९४५ साली एका खानावळवाल्याला बोकडासह सामन्यातून हाकलले, म्हणून त्याने शाप दिला, अशी आख्यायिका आहे. १९०८ नंतर यांनी अजिंक्यपद जिंकले ते थेट २०१६ मध्ये. गाईवर आळ, बोकडाचा शाप. शहर मोठे झाले तरी गोठा सुटलेला नाही!

नातवाने आजोबांना खेळ शिकवला. त्याचे मराठी अर्धे, ह्यांचे इंग्रजी त्याहून अर्धे. नऊ-नऊ गडी, नऊ डाव. चेंडू टप्पा न पाडता येतो. मारला की बॅट टाकून पळायचे, नव्वद-नव्वद फुटांवरचे चार थांबे गाठून घरी आले की एक धाव. तिघे बाद झाले की पाळी बदलली. “हा विटीदांडूचा मामेभाऊ,” असे ह्यांनी ठरवून टाकले आणि पुढे कोण बाद हे नातवाच्या आधी सांगू लागले. आजूबाजूचे लोक भाजलेल्या शेंगा फोडून टरफले पायाशीच टाकीत होते. ह्यांनी एक शेंग निरखून दाणे मोजले आणि आपल्या वाणाहून बऱ्या आहेत म्हणाले. सातव्या डावात सारे मैदान उभे राहून गाऊ लागले. आजोबा-नातू खांद्यावर हात टाकून उभे होते. कब्स हरले. फलकावर हरल्याचा निळा झेंडा चढला. आगगाडीतून जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही प्रथा.

परतीच्या गाडीत रात्रीचे आठ, म्हणजे लातूरला सकाळचे साडेसहा. ह्यांनी भावोजींना फोन लावला. आधी पाऊस विचारला, मग म्हणाले, “निम्मी पोती आजच आडतीवर घाल. पोरीची फी भरून टाक. उरलेली मी आल्यावर बघू.”

पैसे आठवड्याने आले. हमीभाव काही मिळाला नाही, पण फी मुदतीत भरली गेली.