करमाफीचे कलम विधानमंडळात कसे घडते?

चावडीवर कराची गोष्ट निघाली की "सरकारने कर बसविला" किंवा "सरकारने कर माफ केला" असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः सरकारला केवळ आपल्या इच्छेने कर बसविता येत नाही. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता अथवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाच्या 265 व्या अनुच्छेदात सांगितले आहे. आणि राज्याच्या कराचा कायदा करणे हे विधानमंडळाचे काम आहे. कर कोणी द्यावयाचा व कोणास वगळावयाचे, या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच कायद्यात शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. हे समजावे म्हणून आपल्याच राज्यातील एका कराचे उदाहरण घेऊ.

समजा, एका शेतकऱ्याची मुलगी तालुक्याच्या गावी एका कार्यालयात नोकरी करते व तिला दरमहा 18,000 रुपये पगार मिळतो. मार्च 2023 पर्यंत तिच्या पगारातून दरमहा 200 रुपये व फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये कापले जात. हा व्यवसाय कर होय. एप्रिल 2023 पासून ही कपात बंद झाली. तिच्याच शेजारी बसून तेवढाच पगार घेणाऱ्या पुरुषाची कपात मात्र बंद झाली नाही. असे का झाले, हा प्रश्न बापाने विचारला तर कार्यकर्त्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

या कराचा कायदा 1975 सालचा. 1972 च्या भीषण दुष्काळात लाखो शेतकरी व मजूर खडी फोडण्यास गेले, ती आठवण ताजी होती. मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमी योजना राज्याने हाती घेतली होती. तिच्यामागे विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे चिंतन होते. योजनेस पैसा हवा, म्हणून शहरातील नोकरदार, व्यावसायिक व व्यापारी यांच्यावर हा कर बसला. त्याच्या जोडीला मोटारगाड्या व विक्रीवरील जादा कर आणि ओलिताच्या जमिनीवरील विशेष आकारणी होती. पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्याने (अंमल 26 जानेवारी 1979 पासून) या करांचे उत्पन्न एका निधीत जमा करावे व राज्याने तितकीच रक्कम आपल्याकडून घालावी, अशी तरतूद केली. शहराने खेड्यातील मजुरासाठी दिलेला हा वाटा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा करतानाच काहींना वगळलेले होते. रोजंदारीवर मिळेल ते काम करणारा मजूर या कराच्या व्याख्येतच येत नाही. सैन्यदलातील जवान, कापड गिरण्यांतील बदली कामगार, कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती, महिला प्रधान बचत योजनेच्या एजंट भगिनी, 65 वर्षांवरील वृद्ध यांना निरनिराळ्या वेळी सूट मिळत गेली. महिलांसाठी करमुक्त पगाराची मर्यादा 2015 साली 10,000 रुपये झाली. 9 मार्च 2023 रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ती 25,000 करण्याची घोषणा झाली. पुरुषांसाठी ती 7,500 वरच राहिली.

घोषणा म्हणजे कायदा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. अर्थमंत्र्यांच्या भाषणानंतर विधेयक तयार होते. विधेयकासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. ते चार ओळींचे का असेना, जिज्ञासूने आधी तेच वाचावे. करविषयक विधेयक बहुधा धन विधेयक असते. ते राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही व विधानसभेतच मांडावे लागते. सभागृहात प्रथम ते मांडले जाते, नंतर त्यातील तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक खंड मतास टाकला जातो. सदस्य दुरुस्त्या सुचवितात त्या याच टप्प्यावर.

येथे एक बारकावा आहे. कर वाढविण्याची दुरुस्ती राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणाही सदस्यास आणता येत नाही; परंतु कर कमी करण्याची वा रद्द करण्याची दुरुस्ती आणण्यास अशी शिफारस लागत नाही. सवलत मागणे तेवढे सोपे ठेवलेले आहे, मग ती मान्य होवो अथवा न होवो. विरोधी बाकावरील सदस्य 25,000 ऐवजी 30,000 म्हणू शकतो व त्यावर मतदान घ्यावयास लावू शकतो. आपल्या आमदारांशी बोलावयाचे असेल तर ते विधेयक संमत झाल्यावर नव्हे, खंडवार चर्चेपूर्वी.

विधानसभेने संमत केलेले धन विधेयक विधानपरिषदेकडे जाते. परिषदेने 14 दिवसांत शिफारशींसह ते परत पाठवावयाचे. त्या शिफारशी स्वीकारणे न स्वीकारणे विधानसभेच्या हाती. मुदत उलटली तरी विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. नंतर राज्यपालांची संमती व राजपत्रात प्रसिद्धी. ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या स्थानिक करासंबंधी विधेयक मात्र केवळ तेवढ्या कारणाने धन विधेयक ठरत नाही. घरपट्टीच्या कायद्यावर परिषदेला अधिक वाव असतो तो यामुळे.

विधानमंडळालाही एक कुंपण आहे. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही, असे संविधान म्हणते. ही मर्यादा पूर्वी 250 होती, ती 1988 च्या साठाव्या दुरुस्तीने वाढली. तेव्हापासून रुपयाची किंमत किती घसरली ते शेतकऱ्यास खताच्या पिशवीवरून कळते. दर वाढविता येत नाही आणि सूट वाढत जाते, तेव्हा उत्पन्नाचा ताण कोठेतरी पडणारच. नोकरदार भगिनींना मिळालेली सूट योग्यच आहे. पण 7,500 रुपयांवर थांबलेल्या पुरुष कामगाराचा विचारही व्हावयास हवा, असे आम्हास वाटते. आणि सवलतीचे विधेयक आले की तिच्यामुळे किती उत्पन्न सुटेल व ती तूट कशातून भरून निघेल, हे सभागृहात विचारले जाणे आवश्यक आहे.

कायद्याखालील नियम हा निराळा भाग. अर्ज कोणत्या नमुन्यात करावयाचा, दाखला कोणाचा जोडावयाचा, मुदत किती, हे नियमांनी ठरते. नियम शासन करते, परंतु ते विधानमंडळापुढे ठेवावे लागतात व उपविधान समिती त्यांची छाननी करते. जेथे पूर्वप्रसिद्धीची अट आहे तेथे मसुदा राजपत्रात येतो व ठराविक तारखेपर्यंत हरकती मागविल्या जातात. हरकत साध्या कागदावर चालते. त्यात नियमाचा क्रमांक, आपली अडचण व कोणते शब्द बदलावेत एवढे लिहावे आणि मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर मुदतीपूर्वी पोहोचवावे. ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तमच.