भिंतीला पोट सुटलंय का?

३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी सांगोल्याजवळ भूकंपाचा एक धक्का नोंदला गेला. तीव्रता २.६. एवढ्याने मांडणीवरची भांडीसुद्धा धड वाजत नाहीत. पण अशी बातमी आली की सोलापूर जिल्ह्यातल्या मोबाइलवर एकच प्रश्न फिरू लागतो: पुढचा मोठा कधी? हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे आणि तिथल्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेली पिढी अजून हयात आहे. मात्र भूकंपशास्त्राकडे त्याचं उत्तर नाही आणि नजीकच्या काळात ते मिळेल असं मानायला आधारही नाही. किल्लारीत १९९२ च्या उत्तरार्धात बरेच धक्के बसले, ऑक्टोबरातला एक तर साडेचारच्या आसपासचा होता. मग ते शांत झाले आणि वर्षभराने घात झाला. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले, लोक थंडीत घराबाहेर झोपले, आणि मोठा भूकंप काही आला नाही. पूर्वसूचना एकाच जातीची, निकाल दोन टोकांचे. त्यामुळे तारीख-वार सांगणारा संदेश कुणी पाठवला, तर तो कुठल्या संस्थेच्या नावाने आला आहे हे तपासत बसायचीही गरज नाही.

उत्तर असलेला प्रश्न वेगळाच आहे: आपण ज्या भिंतीशेजारी झोपतो ती कशी बांधली आहे? किल्लारीचा धक्का ६.२ चा होता. सांगोल्याच्या धक्क्याच्या सुमारे अडीच लाख पट ऊर्जा त्यात होती, पण जगाच्या हिशेबात तो मध्यमच. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ चा भूकंप झाला. किल्लारीत वेळ होती पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची, तिकडे ४ वाजून ३१ मिनिटांची. दोन्हीकडे माणसं झोपेत. नॉर्थरिजची ऊर्जा पाचपटीहून जास्त, आणि वस्ती तर शहराची. तिथे साठेक माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ-दहा हजार. हा फरक जमिनीखालच्या हालचालीने समजावता येत नाही. तो जमिनीच्या वर होता, दोन-अडीच फूट जाडीचा.

धाराशिव-लातूरकडची ती घरं आणि बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमधली जुनी घरं एकाच घडणीची. गवंडी भिंतीच्या दोन बाजूंना दगडांचे दोन थर रचत जातो, बाहेरची तोंडं घडीव ठेवतो, आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती भरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकसंध, किल्ल्यासारखी भिंत वाटते. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती असतात, एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या, आणि मध्ये भुसभुशीत माल. पावसाचं पाणी आत मुरलं की माती फुगते, सुकली की बसते, आणि काही वर्षांनी बाहेरचा थर पुढे येतो. गावाकडे याला भिंतीला पोट सुटलं म्हणतात. जमीन हलते तेव्हा हे दोन थर फाटतात, एक घरात पडतो, एक गल्लीत. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दहा बाय तेरा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती धरली तर डोक्यावर आठ-साडेआठ टन होतात, आणि हादऱ्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. माळवद गळू नये म्हणून दर काही वर्षांनी नवी माती चढवायची आणि जुनी तशीच ठेवायची, ही पद्धत गळतीवर उपाय म्हणून ठीक. पण तिच्यामुळे प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा जड छपराखाली झोपते.

या घरात एक चांगली गोष्टही असते: खण. लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा छप्पर स्वतंत्रपणे पेलतो. भिंत पडली तरी सांगाडा उभा राहिला तर माणसं वाचू शकतात, आणि किल्लारी परिसरात भिंती कोसळूनही उभे राहिलेले खण दिसले होते. उणीव एवढीच, की खांब आणि तुळई यांचा जोड चौकटीसारखा ताठ नसतो. बाजूने जोर आला की सांगाडा कलंडतो. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपा लाकडी किंवा लोखंडी आधार ठोकला की हे दुखणं बरंचसं कमी होतं.

भिंतीला सांगाड्यात बांधून ठेवण्याच्या या कल्पनेचा भारतातला इतिहास विलक्षण आहे, आणि त्यातलं मुख्य नाव अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. १९३१ साली बलुचिस्तानात माच परिसरात भूकंप झाला. तिथे रेल्वेच्या नोकरीत एस. एल. कुमार नावाचे तरुण अभियंते होते. कर्मचाऱ्यांसाठी नवी घरं बांधायची होती, आणि रेल्वेकडे मुबलक काय असणार, तर वापरून झालेले रूळ. कुमार यांनी रूळ उभे करून पायात रोवले, वर एकमेकांना बोल्टने जखडले आणि मध्ये विटांची भिंत भरली. १९३३ साली त्यांनी पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसपुढे यावर निबंध मांडला आणि सोबत देशाचा भूकंपधोक्याचा नकाशाही जोडला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं, किमान तीस हजार माणसं मेली. कुमार यांची रेल्वे-घरं जवळपास जशीच्या तशी उभी होती. शास्त्रात सिद्धान्ताची इतकी क्रूर आणि इतकी स्वच्छ परीक्षा क्वचितच होते. तरीही शाळेच्या पुस्तकात रिश्टर यांचं नाव असतं, कुमार यांचं नसतं. मोजणाऱ्याला मान, वाचवणाऱ्याला तळटीप, असा आपला हिशेब दिसतो.

रुळांशिवायही हे साधतं, हे दाखवण्यात रुरकीचे अभियंते आनंद स्वरूप आर्य यांनी हयात घालवली. अभियंता कधीच पाहणार नाही अशा दगड-मातीच्या घरांसाठी त्यांनी नियम घडवले, आणि १९८६ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर या विषयाची जी मार्गदर्शिका निघाली तिच्यामागेही तेच होते. सार सोपं आहे. दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा आरपार दगड हवा, म्हणजे दोन थर फाटत नाहीत. आणि दारं-खिडक्यांच्या माथ्यावर चारही भिंतींना वेढणारा सलग पट्टा हवा. सुटी ताटं उभी राहत नाहीत, पण आळा घातलेली कडब्याची पेंढी उभी राहते. पट्ट्याचं काम तेच. उभ्या घरात आरपार दगड घालता येतो का? येतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात जुन्या भिंतीतले दगड जपून काढून भोक पाडत, त्यात आकडा केलेली सळई आणि काँक्रीट भरत. याला क्रेन लागत नाही, जाणता गवंडी आणि संयम लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की दख्खनचं पठार भक्कम आहे, किल्लारी अपवाद होता. १९९३ पूर्वीचा अधिकृत नकाशाही तेच म्हणत होता. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती, आणि २००२ मध्ये तो पट्टाच रद्द करावा लागला. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेतलं तेव्हा काळा कातळ ३३८ मीटरवर संपला. खाली त्याहून कितीतरी जुना खडक. म्हणजे आपण ज्याला पठार म्हणतो ते वरचं पांघरूण आहे, आणि खालच्या खडकातल्या जुन्या भेगा त्यातून दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. असा भूकंप एका गावाच्या वाट्याला शेकडो वर्षांत येतो किंवा येतही नाही. हातावर पोट असलेल्या घराने त्यासाठी खर्च का करावा? केवळ भूकंपासाठी असता, तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. पण तीच भिंत दर पावसाळ्यात पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं. दगड-मातीच्या भिंतीचा खरा धोका अशा वेळी पाणी ओसरल्यावर सुरू होतो, कारण भिजलेली माती पकड सोडते आणि ऊन पडल्यावर कोरडी दिसणारी भिंत आतून ओलीच असते. आरपार दगड, वाहती पन्हळ, जोत्यापाशी साचू न दिलेलं पाणी आणि हलकं केलेलं छप्पर हे सगळं पावसाळ्यासाठी करावं, भूकंपाचा विमा फुकटात मिळतो.

तिसरा आक्षेप: माळवदं राहिलीत किती, आता स्लॅब आणि पत्रा आला. स्लॅब आला, पण अनेकदा जुन्या मातीच्या भिंतीवरच, आणि मग तो माळवदाइतकाच घातक. पत्रा भूकंपात निरुपद्रवी, याबद्दल वाद नाही. मात्र सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या एप्रिल-मेमध्ये त्याखाली म्हाताऱ्या माणसाने आणि तान्ह्या बाळाने कसं राहायचं? शिवाय वळवाच्या वाऱ्यात तो दगडांसकट उडतो, कारण हुकांऐवजी दगडांवर भरवसा ठेवलेला असतो. म्हणून सरसकट माळवद पाडून पत्रा टाका, हा सल्ला अर्धवट आहे. मातीचा गारवा वीतभर थरानेही बराचसा मिळतो. त्यावरची माती फक्त ओझं आहे.

तयारी म्हणून बॅटरी, शिट्टी, कागदपत्रांची पिशवी अशा याद्या वाटल्या जातात. पुरासाठी त्या उपयोगी आहेत. पण टेबलाखाली शिरा ही सूचना ज्या देशांत जन्मली तिथे घर सहसा उभं राहतं आणि वरून फक्त वस्तू पडतात. दगडी भिंतीच्या घरात टेबल काही वाचवत नाही, आणि पहाटे चारला कुणी त्यापर्यंत पोचतही नाही. आपल्या यादीत आधी खाट हवी: पोट सुटलेल्या भिंतीपासून दूर, खणाच्या मध्यावर. मग ओळंबा लावून प्रत्येक भिंत पाहणं. मृगाच्या आधी माळवदावर माती चढवायला माणूस लावतातच. त्याला त्याच दिवशी, नवी टाकण्यापूर्वी, जुनी वीतभर राहीपर्यंत खाली उतरवायला सांगायचं. जास्तीची मजुरी एखाद-दुसऱ्या दिवसाची.