भिंतींबाहेर पोचलेलं रुग्णालय

केप टाऊन शहरात टेबल माउंटनच्या पायथ्याशी झाडीत दडलेली सधन उपनगरं आहेत. तिथून पूर्वेला निघालं की केप फ्लॅट्सची वाळूची सपाटी लागते. वर्णभेदाच्या काळात काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांना घरांतून उठवून जिथं नेऊन टाकलं, त्या वस्त्या या सपाटीवर आहेत. खायेलित्शा, गुगुलेथू, न्यांगा ही नावं वर्तमानपत्रांतून आपल्याकडेही येऊन गेली आहेत. या दोन केप टाऊनच्या मधल्या पट्ट्यात, रोंडेबॉश इथं, ‘रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटल’ उभं आहे.

नावातला ‘वॉर मेमोरियल’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या दक्षिण आफ्रिकी सैनिकांचं स्मारक म्हणून रेड क्रॉस सोसायटीनं लोकवर्गणी जमवली आणि 1956मध्ये हे रुग्णालय सुरू झालं. मेलेल्या तरुणांची आठवण जगणाऱ्या मुलांच्या रूपानं ठेवावी, यापेक्षा चांगलं स्मारक मला सुचत नाही. आज इथं पावणेतीनशेच्या आसपास खाटा आहेत आणि वर्षाला अडीच लाखांच्या घरात रुग्णभेटी होतात. येणारी बहुतेक मुलं गरीब घरची असतात आणि त्यांत तान्ह्या बाळांची संख्या मोठी असते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत फक्त मुलांसाठी असलेली अशी मोठी तज्ज्ञ रुग्णालयं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय झालं तेही 2016च्या अखेरीस. त्यामुळे इतर देशांतूनही अवघड दुखणी इथं येतात. कोकणातून, विदर्भातून मूल पोटाशी धरून परळच्या वाडिया रुग्णालयाची पायरी चढणारे आईबाप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हे रुग्णालय केप टाऊन विद्यापीठाशी जोडलेलं आहे. वॉर्डात राउंड घेणारे डॉक्टर तिथं शिकवतात आणि संशोधनही करतात. या जोडणीतून काय साधतं, हे कळायला इमारत उभी राहण्याच्या थोडं आधी जावं लागेल. काही बाळं जन्मतःच आतडं मध्येच तुटलेलं किंवा बंद असलेलं घेऊन येतात. त्या काळी शस्त्रक्रिया करूनही त्यांतली बहुतेक दगावत. केप टाऊन विद्यापीठातले शल्यचिकित्सक यानी लाऊ आणि त्यांचा तरुण सहकारी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी गाभण कुत्रींवर प्रयोग केले. पोटातल्या पिल्लाच्या आतड्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या त्यांनी बांधल्या आणि पिल्लू जन्मलं तेव्हा आतडं तसंच तुटलेलं आढळलं. म्हणजे मूळ कारण रक्तपुरवठा तुटणं हे होतं. मग आतड्याची रक्त न मिळालेली टोकं कापून टाकून निरोगी भाग जोडायचा, हे ओघानंच आलं. 1955मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि मरणारी बाळं वाचू लागली. याच बर्नार्ड यांनी 1967मध्ये, त्याच विद्यापीठाच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात, जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. त्या शस्त्रक्रियेमुळे ते जगभर गाजले. आतड्याच्या शोधाबद्दल त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

रेड क्रॉसची खरी थोरवी मात्र मला शस्त्रक्रियागृहाबाहेर दिसते. दम्याच्या मुलाला पंपातून औषध देताना पंप आणि तोंड यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडं लागतं. त्याला स्पेसर म्हणतात. तो नसला तर औषधाचा बराचसा फवारा घशातच बसतो आणि फुप्फुसापर्यंत थोडाच पोचतो. बाजारातला स्पेसर गरिबाला परवडत नाही. बालफुप्फुसतज्ज्ञ हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली. पंपाच्या तोंडाच्या मापाची तार तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडलं, त्यात पंप बसवून फट डिंकानं बुजवली आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात दिलं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दम्याचा झटका आलेल्या मुलांवर त्यांनी विकतचा स्पेसर, बाटली आणि थर्मोकोलचा पेला यांची रीतसर तुलना केली. बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली, पेला सर्वांत मागे पडला. 1999मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, मुलांच्या उपचारांवरच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिकेतही आता बाटलीपासून स्पेसर करण्याची पद्धत दिली आहे. जुगाड आपणही करतो. पण तो तपासून, मोजून, सिद्ध करून जगाच्या हाती देणं हे विद्यापीठाचं काम आहे, आणि इथं ते झालं.

क्षयाचंही तसंच. लहान मूल खाकरून बेडका काढत नाही, गिळून टाकतं. म्हणून पूर्वी मुलाला दाखल करून, लागोपाठ तीन सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातलं पाणी काढावं लागे. झार यांच्या गटानं तान्ह्या मुलांनाही खारट पाण्याची वाफ देऊन, घशाच्या मागून नळीनं बेडका ओढून घेऊन दाखवला. असा एक नमुना त्या तीन दिवसांच्या तपासणीइतकंच सांगतो, हे 2005मध्ये त्यांनी मांडलं. आईचे तीन दिवस वाचले, म्हणजे तिची तीन दिवसांची मजुरीही वाचली. एचआयव्हीबाधित मुलांना क्षयाचं औषध आधीच दिलं तर मृत्यू निम्म्यावर येतात, हेही याच गटानं 2007मध्ये दाखवून दिलं.

अपघात विभागाची गोष्ट वेगळ्या अंगाची. शल्यचिकित्सक सिडनी सायवेस यांना दिसत होतं की भाजलेली, गाडीखाली आलेली, रॉकेल प्यायलेली मुलं एकामागून एक येतात आणि डॉक्टर मात्र शेवटच्या टोकाला बसलेला असतो. पत्र्याच्या घरांत स्टोव्हसाठीचं रॉकेल शीतपेयाच्या बाटलीतच ठेवतात, आणि उन्हाळ्यात तहानलेलं पोर ती तोंडाला लावतं. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतल्या लोकांना हे नवं नाही. सायवेस यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस मुलांचे अपघात टाळण्यासाठी संस्था उभी केली, तीच आजची ‘चाइल्डसेफ’. मुलांना उघडता न येणारी झाकणं, गाडीतल्या मुलांच्या खुर्च्या, उकळत्या पाण्यापासून सावधगिरी यांसाठी ती झटते. कुठलं मूल कुठं, कशानं जखमी झालं, याची नोंद हा विभाग 1990च्या दशकापासून ठेवत आला आहे. त्या नोंदी हाती नसत्या तर सरकारपुढे मुद्दा मांडणंच अवघड झालं असतं.

‘ब्रीदईझी’ हा उपक्रम तर मला धाडसाचाच वाटतो. गळ्याला छिद्र पाडून नळीतून श्वास घेणारी मुलं पूर्वी महिनोन् महिने अतिदक्षता विभागातच वाढत. इथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्यांच्या आयांना, आज्यांना शिकवलं: नळी साफ कशी करायची, बदलायची कशी, श्वास अडकला तर काय करायचं. मग मूल घरी पाठवलं, झोपडीत का असेना. शाळा न शिकलेल्या बाईवर एवढा विश्वास टाकणं सोपं नाही, आणि त्या बायांनी तो सार्थ केला.

विद्यापीठाच्या ‘आफ्रिकन पीडियाट्रिक फेलोशिप प्रोग्रॅम’बद्दल सांगायलाच हवं. बालमेंदूरोगतज्ज्ञ जो विल्म्सहर्स्ट यांच्या पुढाकारानं तो वाढला. आफ्रिकेतल्या ज्या देशात बालहृदयरोग किंवा बालमूत्रपिंडविकाराचा तज्ज्ञ नाही, तिथल्या रुग्णालयानंच आपला डॉक्टर निवडायचा, केप टाऊननं त्याला शिकवायचं आणि त्यानं मायदेशी परतायचं, अशी ही रीत. शिकलेल्यांतले जवळजवळ सगळे परत गेले आहेत. शिकलेला डॉक्टर पश्चिमेकडेच जाणार, असं धरून चालणाऱ्यांनी हे पाहावं. ज्याला त्याच्या माणसांनी पाठवलं आणि ज्याची जागा राखून ठेवली, तो परततो.

महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या वाढते आहे आणि जवळपास प्रत्येकाला बालरोग विभाग आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून किती प्रश्न आपल्याच ओपीडीच्या बाकावरून उचललेले असतात, हे विभागप्रमुखांनी एकदा तपासून पाहावं. आणि पालकांना एक सांगणं: मुलाला दम्याचा पंप सुरू असेल, तर स्पेसर लावून तो कसा घ्यायचा हे डॉक्टरांना समोर करून दाखवायला सांगा. स्पेसर परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि बाटलीचा कसा करायचा ते विचारा.