बियाण्याची वेस

गांवांत येणाऱ्या परक्याची चौकशी वेशीवरच व्हावी, हा जुना शिरस्ता. प्रयोगशाळेंत जनुकें पालटलेल्या बियाण्यासाठीं तशीच वेस राष्ट्रांनीं २००० सालीं कार्टाजेना करारानें बांधिली: असें बियाणें पेरणीसाठीं प्रथमच परदेशीं धाडण्यापूर्वीं त्या देशाची संमति घ्यावी. भारतहि त्यांत सामील आहे.

तथापि आम्ही सेमाडोहकर घाट उतरून वऱ्हाडच्या कपाशींत आलों, कीं ही वेस किती तोकडी, तें दिसतें. बीटी कपाशीस २००२ सालीं सरकारी परवानगी मिळाली. तणनाशक सोसणारी कपाशी मात्र २०१९ सालीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहागीर येथें शेतकऱ्यांनीं परवानगीवांचून उघड पेरली. निंदणाचा खर्च वाचावा, ही त्यांची निकड खरी. पण परवानगी नसलेल्या बियाण्यास पावती नसते. तें फसलें, तर दाद कोणाकडे मागावी? पावतीवांचून पाकीट घेऊं नये, एवढी वेस तरी घरधन्याच्या हातीं आहे.