चतुर्थीची किनारसहल

पंचांग नाही असे घर आपल्यात सहसा सापडावयाचे नाही. एकादशी, संकष्टी, श्राद्धतिथी आणि मुहूर्त पाहण्यापुरते ते खाली येते व काम होताच पुन्हा खुंटीस लागते. याच पंचांगाचा कोकणातील कोळी व नाखवे पिढ्यान् पिढ्या एक निराळा उपयोग करीत आले आहेत. अलिबागेपासून राजपुरीपर्यंतचा किनारा एका दिवसात नीट पाहावयाचा असेल, तर तो उपयोग प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

हिशेब अगदी सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या व दुपारी तीनच्या सुमारास भरती. तीतून सुमारे सव्वासहा तास वजा केले की ओहोटीची वेळ निघते. ती सकाळी पावणेनऊच्या आसपास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा उधाण येते, पाणी फार चढते व फार उतरतेही. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात असते. तेव्हा भांग असतो व पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके छापतो, ती पाहूनच पाऊल उचलावे. तथापि कोष्टक हाती नसताही ज्याला तिथीवरून पाण्याची चाल कळते, तो किनाऱ्यावर परका राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जणांनी एका मार्गदर्शकाबरोबर ही सहल केली. मंडळींत दोन कुटुंबे, एक निवृत्त शिक्षिका व दोन महाविद्यालयीन मुलगे. मार्गदर्शक चौलचेच, घरची सुपारीची वाडी सांभाळून हा व्यवसाय करणारे. त्यांनी रविवार सुचविला नाही, वद्य चतुर्थी सुचविली. कारण विचारता त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखविला. कुलाबा किल्ल्यास पायी जावयाचे तर ओहोटी सकाळी हवी, आणि जंजिऱ्यास होडीने जावयाचे तर दुपारी पाणी भरलेले असलेले बरे. पौर्णिमेस ओहोटी सकाळी सहास व अष्टमीस भर दुपारी बारास. शिवाय अष्टमीचे पाणी पुरते उतरत नाही, त्यामुळे वाट उघडेलच असा भरवसा नाही. चतुर्थीस दोन्ही गोष्टी जुळतात. संकष्टीचा उपास करणाऱ्या आमच्यातील तिघींना हे फारच रुचले, कारण कुलाब्याच्या किल्ल्यात सिद्धिविनायकाचे देऊळ आहे.

बरोबर साडेसातला आम्ही अलिबागेच्या वाळूवरून निघालो. किल्ला किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटर आत. ओली वाळू, मधूनच खडक, घोट्याएवढे पाणी. ज्यांस चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. शिवाजीमहाराजांनी १६८० साली, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, या बेटावर किल्ला बांधण्याची आज्ञा दिली व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीत ते काम पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून यावर चाल केली आणि हात हालवीत परत गेले. तटाजवळ आमच्या मार्गदर्शकांनी आम्हांस थांबवून एवढेच विचारले, ‘‘चुना कोठे दिसतो का?’’ दिसला नाही. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट येते, फटींतून पाणी आत शिरते, तिचा जोर मोडतो व ती निमूट परत जाते. ही गोष्ट ग्रंथांत वाचणे निराळे आणि तटाला हात लावून, फटीतून येणारा पाण्याचा आवाज ऐकून समजणे निराळे.

देवळात तिघींनी दूर्वा वाहिल्या, गोड्या पाण्याची विहीर सर्वांनी पाहिली आणि सव्वानऊला परतण्याची हाक आली. महाविद्यालयीन मुलांपैकी एकास बुरुजावरून आणखी छायाचित्रे घ्यावयाची होती. ‘‘दादा, छायाचित्र पुन्हा घेता येईल, वाट माझ्या हातची नाही,’’ असे मार्गदर्शक म्हणाले व तो उतरेपर्यंत एक पाऊलही पुढे गेले नाहीत. दहाच्या आत आम्ही किनाऱ्यास लागलो. मागे वळून पाहतो तो दुसरी एक मोठी मंडळी, चाळीस-पन्नास माणसे, अजून किल्ल्याकडेच जात होती, आणि आम्ही ज्या वाळूवर चाललो होतो तीवर पाण्याच्या जिभा पसरू लागल्या होत्या. मार्गदर्शकांनी त्यांच्या म्होरक्यास बोलावून परत फिरविले. आठ-दहा माणसांना हाकेसरशी हालविता येते. पन्नासांना हाक ऐकू जाण्यातच वेळ जातो. लहान मंडळी ही श्रीमंतीची हौस नव्हे, हे आम्हांस तेथे कळले.

अलिबागेत कान्होजींच्या समाधीस वंदन करून आम्ही दक्षिणेकडे वळलो. नागावपासून चौलापर्यंत रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जातो. सावली अशी की दुपार जवळ आल्याची शंकाही येऊ नये. चौल आज शांत गाव आहे; परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातही या बंदराचा उल्लेख सापडतो. रशियातील त्वेर येथील अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात याच परिसरात उतरला. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. बेने इस्रायल समाजही याच टापूत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून, शतकानुशतके मराठी बोलत नांदला. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ जण इस्रायलला गेले. रेवदंड्याचे त्यांचे प्रार्थनामंदिर मागे उभे आहे. रामेश्वराच्या पुष्करिणीकाठी बसून ही हकीगत ऐकताना आमच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘‘इतके सारे गेले कोठे?’’ उत्तर पुन्हा पाण्यातच होते. खाडी गाळाने भरत गेली, गलबते मुंबईकडे वळली, आणि बंदर वाड्यांच्या सावलीत विसावले.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट सोळाव्या शतकातील. आजचा रस्ता त्याच्या तटातून आरपार जातो, त्यामुळे घाईचा प्रवासी किल्ला ओलांडून गेला तरी त्यास पत्ता लागत नाही. कुंडलिकेच्या खाडीवरील पूल उतरला की समोर समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला दिसतो. येथे मार्गदर्शकांनी आम्हांस सरळ सांगितले की किल्ला व गाव दोन्ही पाहावयास वेळ पुरणार नाही. एकाची निवड करा. आम्ही गाव निवडले, आणि दिवसभरातील सर्वांत मोठी प्राप्ती तेथेच झाली.

कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत एक पोर्तुगीजोद्भव भाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले, आणि मागे राहिलेल्या या लहानशा वस्तीने ती बोली जपली. सभोवती मराठीचा समुद्र, त्यातून शब्द व वाक्यरचना आत झिरपत राहिली, तरी बेट बुडाले नाही. आज ती बोलणारे हजाराच्या आतबाहेरच असतील, आणि मुले मराठी व इंग्रजी शाळांत जातात. आम्हांस घरोघर हिंडवून ‘जरा बोलून दाखवा’ असे कोणासही म्हणण्यात आले नाही. मार्गदर्शकांच्या परिचयाच्या एका घरच्या ओसरीवर आम्ही पाणी प्यालो. घरातील आजी आमच्याशी अस्सल कुलाबी मराठीत बोलत होत्या व मध्येच नातवाला आपल्या भाषेत काही सांगत होत्या. तो हसला, त्याही हसल्या. काय म्हणाल्या ते आम्ही विचारले नाही. पन्नास माणसे मोटारीतून उतरली असती तर ती ओसरी ओसरी राहिली नसती, प्रदर्शन झाले असते.

काशिदची वाळू मोटारीतूनच पाहून आम्ही नांदगावास थांबलो. तेथेही सिद्धिविनायक, चतुर्थीची गर्दी बरीच होती. उपासकरी मंडळींस साबुदाण्याची खिचडी व ताक मिळाले. इतरांस एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, अलिबागचा पांढरा कांदा व सोलकढी. वालाची चव रायगड जिल्ह्याबाहेर तशी लागत नाही, असे तेथील लोक म्हणतात. पानावर बसल्यावर वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन उरले नाही.

पावणेतीनला राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. शिडाच्या होडीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढविल्याखेरीज नांगर उचलू दिला गेला नाही. ‘जंजिरा’ हा शब्द अरबीतील ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी येथे राज्य केले आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ते चालले. सुमारे २२ एकरांचा हा किल्ला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठे आहे ते कळत नाही. आत कलालबांगडी तोफ आहे, खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि दरवाजाशी हत्तींना पंजांत पकडलेला वाघासारखा पशू कोरलेला आहे. शिवाजीमहाराजांच्या आरमारास हा किल्ला मिळाला नाही. संभाजीमहाराजांनी खाडीत भर घालून वाट करण्याचा यत्न केला, तोही मोगली फौज चालून आल्याने अपुरा राहिला. वायव्येस पाण्यात पद्मदुर्ग दिसतो; तो महाराजांनी याच सिद्दीवर नजर ठेवण्यासाठी उभारला.

होडीतील दुसऱ्या एका प्रवाशाने समुद्राखालून गेलेल्या भुयाराची हकीगत विचारली. आमचे मार्गदर्शक म्हणाले, ‘‘ती ऐकलेली गोष्ट; लिहिलेली नव्हे.’’ लगेच त्यांनी रात्री तटाला शिड्या लावण्यास गेलेल्या लायपाटील कोळ्याची कथा सांगितली. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्द्याने पालखी काय करावी म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला बांधून दिले, असे सांगतात. ‘सांगतात’ हा शब्द त्यांनी मुद्दाम उच्चारला. ऐकीव व लेखी यांच्यामधली रेघ न पुसता गोष्ट रंगविणे, ही मार्गदर्शकाची खरी विद्या होय.

साडेपाचला मुरूडच्या चौपाटीवर आलो. पाणी उतरू लागले होते, वाळू रुंदावत होती, आणि मुलांना डुंबण्याचा मोह अनावर झाला. मार्गदर्शकांनी त्यांस गुडघ्यापर्यंतच जाऊ दिले व स्वतः त्यांच्यापुढे समुद्राच्या बाजूला उभे राहिले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच चौपाटीवर पुण्याहून महाविद्यालयीन सहलीस आलेल्या शंभराहून अधिक मुलामुलींपैकी १४ जण बुडाले. ही आठवण त्यांनी मुलांना सांगितली, पण आवाज चढविला नाही. मुले आपण होऊन बाहेर आली. समुद्र क्रूर नाही व दयाळूही नाही. तो आपल्या वेळेने येतो व जातो. ती वेळ ठाऊक असलेले माणूस आपल्या मुलांजवळ असणे, हीच सहलीतील सर्वांत मोलाची तरतूद.

म्हणून या वाटेने जाणाऱ्या कुटुंबांस आमची विनंती अशी. वाहन, खानपान व खर्च यांची चौकशी आपण करतोच. तिच्याआधी मार्गदर्शकास चार प्रश्न विचारावे. सहलीची तारीख तिथी पाहून ठरविली आहे की रविवार पाहून? मंडळी किती असतील? वेळ कमी पडल्यास काय गाळावयाचे, हे आधी ठरले आहे काय? आणि परत फिरा म्हटल्यावर न ऐकणाऱ्याचे तो काय करतो? या चारांची उत्तरे तत्काळ व सरळ मिळाली तर निःशंक जावे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. वद्य चतुर्थी साधल्यास उपासकऱ्यांस आणखी एक लाभ आहे: ज्या चंद्राने सकाळी वाट उघडली व दुपारी होडी तरंगविली, तोच रात्री नऊच्या सुमारास डोंगरावरून वर येतो आणि उपासही सोडवितो.